मदतनीस कोणाचे?

चिखली, तळवडे, भोसरी या कारखानदारीच्या पट्ट्यात 'हेल्पर पाहिजेत' ही पाटी बारमाही दिसते. येथे हेल्पर म्हणजे कंत्राटावर घेतलेला, यंत्रापाशी दिवसभर उभा राहणारा आणि तरीही कायम कामगारांच्या यादीत ज्याचे नाव चढत नाही असा श्रमिक. त्याची मुले आज पहिलीपासून इंग्रजी शिकतात. आणि इंग्रजीच्या बालपुस्तकांत, भिंतीवरच्या तक्त्यांत त्यांना 'अवर हेल्पर्स' हा पाठ भेटतो. झाडूवाला, मोची, धोबी, माळी यांची चित्रे, आणि खाली वाक्य : 'ही हेल्प्स अस.'

हे 'अस' म्हणजे कोण? व्याकरणाला हे साधे सर्वनाम वाटते. पण त्यामागे एक विशिष्ट घर गृहीत धरलेले आहे. त्या घरातले वडील ऑफिसला जातात, आई स्वयंपाकघरात असते आणि उरलेला समाज दाराशी येऊन 'मदत' करून जातो. ज्यांच्या श्रमावर हे घर उभे आहे त्यांना मदतनीस म्हणणे म्हणजे श्रमाला हक्काच्या भाषेतून उचलून मेहेरबानीच्या भाषेत टाकणे होय. मदतीला ना वेतन असते, ना बोनस, ना संघटना. तक्त्यात कधी डॉक्टर आणि शिक्षकही असतात, हे खरे. परंतु 'माय फादर इज अ डॉक्टर' हे वाक्य मूल ताठ मानेने म्हणते. सफाई कामगाराच्या मुलाला बापाचे काम सांगताना मान खाली घालावीशी वाटते. त्या वर्गात इंग्रजीबरोबर हेही शिकवले जाते.

उघड विटंबना लोकांच्या ध्यानात येते. २०२० च्या जूनमध्ये पश्चिम बंगालमधील बर्दवान येथे 'यू' या अक्षरापुढे 'अग्ली' हा शब्द आणि सावळ्या माणसाचे चित्र असलेले पुस्तक उजेडात आले. दोन शिक्षिका निलंबित झाल्या. 'ही हेल्प्स अस' या वाक्यासाठी मात्र कोणी निलंबित होणार नाही. त्याचा संस्कार अधिक खोल आहे, तो म्हणूनच.

यावरून कोणी इंग्रजीलाच विरोध करू नये. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले होते. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच पिंपरी-चिंचवडचे. ज्ञानाची किल्ली बहुजनांच्या हाती यावी, हाच त्यामागचा विचार. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. व्यवस्थापकाचे आणि हेल्परचे मूल एका बाकावर बसण्याची वाट मोकळी झाली. बाक एक झाला, तरी पुस्तकातले 'आपण' अजून एकाचेच आहे.

हे बदलता येते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष मिळून भाजी निवडताना दाखवले. तीच दृष्टी श्रमिकांबाबत आणि खाजगी प्रकाशकांच्या पुस्तकांतही आली पाहिजे. महापालिकेच्या शिक्षकांनी नव्या पुस्तकाची वाट पाहू नये. 'माय फादर वर्क्स ऑन अ पॉवर प्रेस' हे वाक्य त्यांनी उद्याच फळ्यावर लिहावे. ते व्याकरणशुद्ध आहे, आणि त्यात कामगार कोणाचा मदतनीस नसून वाक्याचा कर्ता आहे.