खोली कुणासाठी पाहिजे?

हडपसरच्या गाडीतळावर उतरल्यापासून आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला, "खोली कुणासाठी पाहिजे?" आम्ही सांगितले, शिकायला आलो आहोत. घरमालकाने आमच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले. "मुलगा शिकतो का?" नाही, आम्हीच शिकतो. मग नाव विचारले गेले आणि नाव सांगितल्यावर कळले की खोली कालच गेली.

हा प्रसंग एकट्याचा नाही. लातूर, बीड, परभणीकडून एम.एड.ला किंवा पीएच.डी.ला पुण्यात येणारे आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक एकत्र बसलो की प्रत्येकाकडे अशी एक कालच गेलेली खोली निघते. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" हे कौतुकही प्रत्येकाने ऐकलेले असते. कौतुकानंतर विचारतात, मूळचे कुठले? लातूरचे म्हटले तर पुन्हा विचारतात, तसे नाही, मूळचे कुठले? आमच्या आजोबांच्या कबरी ज्या गावात आहेत त्याहून मूळ गाव आम्ही कुठून आणावे?

"मग सय्यदनगरला बघा ना, तिकडे तुमचे लोक आहेत," असा सल्ला मिळतो. सोलापूर रस्त्याच्या एका अंगाला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभी केलेली मगरपट्टा सिटी आहे, तर दुसऱ्या अंगाला सय्यदनगर. एकाच हडपसरात 'तुमचे' आणि 'आमचे' कधी ठरले? ज्या पुण्यात वडिलांनी घराबाहेर काढलेल्या जोतीराव-सावित्रीबाईंना गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिल्याचे फुले चरित्रांत सांगितले जाते, त्याच पुण्यात शिकायला आलेल्या शेखाला खोली मिळू नये, याची लाज कुणाला तरी वाटली पाहिजे.

आणि हडपसरने २ जून २०१४ ची रात्रही पाहिली आहे. सोलापूरहून नोकरीसाठी आलेला मोहसीन शेख नमाज पढून परतताना जमावाकडून मारला गेला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. आम्ही पुण्याला निघालो तेव्हा घरच्या बायकांनी फीबद्दल काही विचारले नाही. त्यांनी एवढेच सांगितले, "रात को बाहर मत निकलना."

पण सगळा राग दुसऱ्यांवर काढून हा लेख संपवणे म्हणजे स्वतःला फसवणे होईल. आता आपल्या मोहल्ल्याबद्दल बोलू.

मोहल्ल्यात नावाची अडचण नव्हती, तरी खोली मिळाली नाही. "अकेले मर्द को नहीं देते, फॅमिली चाहिए." आमच्याबरोबरच्या शिक्षिकांना तर विचारले गेले, "शौहर कुठे आहेत? त्यांची इजाजत आहे का?" आणि बुजुर्गांनी सर्वांना मिळून विचारले, "इस उम्र में पढ़के क्या करोगे?" घरमालकांची भीती आम्हाला कळते. कुठेही काही घडले की पोलीस आधी आपल्याच वस्तीत येऊन भाडेकरूंची चौकशी करतात, हे खरे आहे. पण त्यासाठी कागदपत्रे घ्या, पोलिसांत रीतसर नोंद करा, शाळेला फोन लावा. दार लावून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

'इस उम्र में' म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, वाचण्याचा पहिला आदेश उतरला तेव्हा पैगंबरांचे वय काय होते? चाळीस. मदिनेत मशिदीला लागून सुफ्फा होता. ज्यांना घर नाही, कुटुंब नाही अशी परगावची माणसे तिथे राहत आणि शिकत. हजरत अबू हुरैरा तिथे आले तेव्हा तिशीच्या आसपास होते. 'अकेले मर्द को नहीं देते' असे मदिनेने म्हटले असते तर आज त्यांच्याकडून आलेल्या हजारो हदीस आपण कुणाच्या तोंडून ऐकल्या असत्या? जुम्म्याच्या बयानात इल्मची फजिलत सांगायची आणि इल्म शोधत आलेल्याला जिन्यावरून परत पाठवायचे, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत. या आकड्यावर आपल्याकडे किती भाषणे झाली! पण तो आकडा वाढवायला निघालेला माणूस दारात उभा राहिला की आपण त्याचे वय विचारतो. संशोधन करणाऱ्यांना आधार असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ती बंद करत असल्याचे सांगितले. आपण निवेदने दिली, आणि विसरलो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणजे पन्नाशीचा शिक्षकही पुन्हा विद्यार्थी झाला. आता 'इस उम्र में' हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारणार?

आमचे मागणे फार मोठे नाही. आपल्या वस्तीत शादीखाने आहेत, त्यांचे दिवे मध्यरात्रीपर्यंत जळतात. त्याच इमारतीत एक टेबल, चार खुर्च्या आणि रात्री अकरापर्यंत दिवा असलेली अभ्यासाची खोली का असू नये? जमातीने आणि ट्रस्टने परगावच्या विद्यार्थ्यांसाठी दोन खोल्या राखून ठेवाव्यात, वयाची अट न घालता; त्यांतली एक बायकांसाठी असावी. भाडे आम्ही देऊ, खैरात नको. विद्यापीठानेही समजून घ्यावे की विद्यार्थी म्हणजे फक्त विशीतला पोरगा नव्हे. बिनपगारी रजा घेऊन, मुलांना आजीकडे ठेवून आलेली आईही विद्यार्थीच असते.

अखेर आम्हाला खोली मिळाली. एका विधवा मराठी बाईंनी दिली. त्यांनी नाव विचारले, लिहून घेतले आणि म्हणाल्या, "गुरुजी, परीक्षा कधी आहे?" खोली कुणासाठी, हे त्यांनी विचारलेच नाही. गुरुजींना अभ्यासाला खोली लागते, एवढे त्यांना ठाऊक होते. ते आपल्या मुतवल्लींना आणि शहरातल्या सोसायट्यांना कधी ठाऊक होणार?