हजेरी नको, घेर मोजा

‘किती रोपे जगली ते मोजले की झाले,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. २०१९ साली राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले. लागवडीचा आकडा गाजला. खोडांच्या घेराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जमिनीपासून १.३७ मीटरवर टेप गुंडाळायला असा कितीसा वेळ लागतो? आमच्या बांधालगतच्या वनीकरणातला कडुनिंब शेंड्याकडून वाळत आलाय, कागदावर मात्र ‘जिवंत’! हिवरे बाजार गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून डोंगर राखला. पाण्याचा ताळेबंद तिथे ग्रामसभेत मांडतात. तसाच झाडांचाही मांडावा. निवडक झाडांना क्रमांक घालून दरवर्षीचा घेर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, ही वनविभागाला विनंती.

– एक शेतकरी वाचक, पारनेर