डुकराला काठी नको

आमच्या कडेगावचा उन्हाळा माणसालाच सोसत नाही, मग डुकराचे काय? त्याला घाम जवळजवळ येतच नाही. तरीही विक्रीच्या दिवशी भर दुपारी काठीने हाणून, पाय बांधून त्याला टेम्पोत कोंबतात. जनावर धापा टाकते, कधी वाटेतच मरते. वाचले तरी मांस फिकट, पाणचट निघू शकते. महिनोन्महिने राबणाऱ्या घराचा पैसा असा जातो.

खाद्यात मॅग्नेशियम घालण्याचे प्रयोग झाले, निकाल एकसारखे नाहीत. रॅक्टोपामाइनने मांस वाढते, पण जनावर बिथरते. युरोपीय संघात व चीनमध्ये त्यावर बंदी आहे. पुडीपेक्षा आमचा भरवसा हाताळणीवर. बांधवांनो, पहाटे निघा, अंगावर पाणी शिंपडा, अनोळखी डुकरे एकत्र कोंबू नका, ती भांडतात. काठीऐवजी मागे फळी धरा. पुढे वाट मोकळी दिसली की डुक्कर आपसूक चालते.