कागदात गुंडाळलेली लाज

परवा एका फार्मसीत तापाच्या गोळ्या घ्यायला उभा होतो. पुढच्या पोराने आधी खोकल्याचं औषध मागितलं, मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मग खालच्या आवाजात कंडोम. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "तूं अमक्यालो पूत मरे?" मग खणातून पाकीट काढून वर्तमानपत्रात गुंडाळलं. पोर सुटे पैसेही न घेता पळालं.

गोव्यात प्रत्येक जण कुणाचा तरी पुतण्या असतो हो! इथे किंमत आडवी येत नाही, ओळख आडवी येते.

१९६८ साली सरकारने निरोध बाजारात आणला तेव्हा तो १५ पैशांना तीन मिळे, आणि चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांनी तो भुसारी दुकानांपर्यंत पोचवला. म्हणजे आजोबांच्या काळी जो चहापत्तीशेजारी होता, तो आज खणात गेला. याला प्रगती म्हणायची?

पण तेव्हाची एक गफलत आपल्याला अजून भोवते आहे. निरोध आला तो पाळणा लांबवायला. रोगाचं नाव कुणी घेतलं नाही. त्यामुळे "आमचं ऑपरेशन झालंय, आता कशाला?" हा प्रश्न आजही चांगली शिकलेली माणसं विचारतात. ऑपरेशनने मूल थांबतं, गनोरिया नाही. नवरा महिनोन्‌महिने बोटीवर असतो, त्या घरात हे बोलायचं कुणी? बायकोने काढलं तर संशय, नवऱ्याने काढलं तर कबुली!

कंडोम सर्वशक्तिमान नाही, हेही सांगायला हवं. एचआयव्ही, गनोरिया यांना तो उत्तम अडवतो. हर्पिससारखे त्वचेच्या स्पर्शातून पसरणारे रोग त्याने कमी होतात, पूर्ण टळत नाहीत. आणि आपल्या घराघरांतलं खोबरेल लेटेक्सला कमकुवत करतं, कंडोम फाटतो. पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेल्याचाही भरवसा नाही. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

लाजेची किंमत आपण मोजलेली आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबलं होतं. २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, वास्कोतल्या बायणाच्या खोल्या पाडल्या. बायका विखुरल्या, आणि त्यांच्यापर्यंत कंडोम पोचवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जोडलेला संपर्क तुटला. वस्ती गेली म्हणून सभ्य लोकांनी सुस्कारा सोडला. गिऱ्हाइकं कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही. ती घरी गेली होती, आपापल्या बायकांकडे.

त्या दिवशी मीही छताकडे पाहत उभा होतो, हे कबूल करतो. पोराला धीर द्यायला एक शब्द सुचला नाही.

तर फार्मसीवाल्या पात्रांवांनो, ती पाकिटं टूथपेस्टशेजारी उघड्यावर मांडा, ज्याला हवी तो उचलेल. वर्तमानपत्र नको. आणि कुणाचा पूत, ते तर मुळीच विचारू नका.