परराज्यातले वॉरंट : घाबरू नका, कागद वाचा



आपल्या वस्त्यांतली कितीतरी माणसे पोटासाठी राज्याबाहेर जातात. कुणी ट्रकवर, कुणी सुरतेच्या कारखान्यात, कुणी बांधकामावर. तिथे एखादी छोटी केस होते. गाडीचा धक्का लागतो, हातघाई होते, चेक वटत नाही. जामीन मिळतो, काम सुटते, माणूस गावी परततो आणि तारखा चुकतात. "ते दुसऱ्या राज्यातले, इथे कोण येतो?" असे म्हणून समन्सचा कागद ट्रंकेत जातो. मग कधीतरी दारात अनोळखी पोलीस उभे राहतात, आणि कमावत्या माणसाला कुठे नेले हे घरच्यांना कळत नाही.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. वॉरंट शिळे होत नाही. न्यायालय ते रद्द करीपर्यंत किंवा त्याची अंमलबजावणी होईपर्यंत ते जिवंत राहते. अमेरिकेत एका राज्याचा आरोपी दुसऱ्या राज्यातून आणायचा तर गव्हर्नरमार्फत मागणी करावी लागते, आणि किरकोळ गुन्ह्यासाठी एवढा खर्च नको म्हणून कित्येकदा ती केलीही जात नाही. आपल्याकडे तसे नाही. फौजदारी प्रक्रियेचा कायदा साऱ्या देशाला एकच असल्यामुळे वॉरंट भारतात कुठेही बजावता येते.

पण त्याच कायद्याने आपल्याला संरक्षणही दिले आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 आली. वॉरंटचे नियम बहुतेक तेच राहिले, कलमांचे आकडे बदलले. कलम 77 प्रमाणे पोलिसांनी वॉरंटमधला मजकूर सांगितला पाहिजे आणि मागितल्यास वॉरंट दाखवले पाहिजे. कलम 81 प्रमाणे बाहेरून आलेल्या पोलिसाने साधारणपणे स्थानिक मॅजिस्ट्रेट किंवा ठाणे अंमलदाराकडून त्यावर शेरा घ्यायचा असतो.

सर्वांत महत्त्वाची आहेत कलमे 82 आणि 83. वॉरंट काढणारे न्यायालय 30 किलोमीटरच्या आत किंवा अधिक जवळ नसेल, तर आरोपीला आधी इथल्याच मॅजिस्ट्रेट, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांपुढे उभे करावे लागते. मूळ गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर तो इथेच घेऊन कागद तिकडच्या न्यायालयाला पाठवायचा असतो. चेक न वटण्याचा गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणून वॉरंटवर 'अजामीनपात्र' असे लिहिलेले दिसले तरी हातपाय गाळू नका. मूळ गुन्हा कोणत्या कलमाचा, हे विचारा. गुन्हा अजामीनपात्र असेल तरी मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीशांकडे जामीन मागता येतो.

अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला मिळणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले जाणे, हे हक्क संविधानाच्या कलम 22 मध्ये आहेत. हे कलम 15 सप्टेंबर 1949 रोजी खुद्द बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडले होते. नातलगाला अटकेची खबर देणे आणि अटकेचा पंचनामा करणे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या डी. के. बसू निकालात बंधनकारक केले. परराज्यात गुन्हा नोंदला गेल्याचे अटकेआधीच कळले, तर आपल्या भागातल्या सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 20 नोव्हेंबर 2023 रोजी स्पष्ट केले.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि अटकेत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा.

पण इथे जामीन मिळाला म्हणजे केस संपली नाही. तिकडे तारखेला जावेच लागते. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा वेगळा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलीस येण्याची वाट न बघता वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. स्वतःहून हजर होणाऱ्याकडे न्यायालय वेगळ्या नजरेने बघते.

आज रात्री घरातली ट्रंक उघडा. जुने समन्स, जामिनाची पावती, केस नंबर असलेला कागद सापडला तर त्याची झेरॉक्स काढा आणि घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला वाचायला द्या. पकडून नेलेल्या माणसाचा केस नंबर घरच्यांना माहीत असेल, तर त्याची सुटका एक दिवस तरी लवकर होते.