सायकल दिली, पुढे काय?

आमचं महिला मंडळ घरोघरच्या जुन्या सायकली मागून आणतं आणि लांबून शाळा-कॉलेजला येणाऱ्या मुलींना देतं. एका मुलीला बारीक टायरची, गिअरची जुनी रेसिंग सायकल मिळाली. पोर हरखून गेली. महिनाभरानं तिच्या घरी गेले, तर सायकल गोठ्याला टेकवलेली! "काकू, चढावर चेन सटकते. दुकानदार म्हणाला, वडिलांना पाठव." वडील मजुरीला, सवड कुठली? पोरीची पुन्हा पायपीट.

मलाही यातलं काय कळत होतं? पण तिला घेऊन दुकानात ठिय्या मांडला आणि दोघी शिकलो. मागच्या चाकावर दात्यांच्या चकत्या असतात, ते फ्रीव्हील. चकती मोठी, तितका चढ हलका. वेग मात्र कमी. तिची सर्वांत मोठी चकती २४ दात्यांची होती, आम्ही २८ ची निवडली. पण जुन्या सायकलीला वाट्टेल ते फ्रीव्हील चालत नाही. चकत्या आधी होत्या तितक्याच हव्यात, आटे जुळायला हवेत आणि मोठी चकती मागच्या गिअरला पेलायला हवी.

चेनही बदलली. झिजलेली चेन नवे दातेसुद्धा खाते. घरी पट्टीनं मोजता येतं: नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या दीडेक मिलिमीटरनं वाढल्या, की चेन बदलायची. चालढकल केली, तर फ्रीव्हीलचाही खर्च बोकांडी बसतो.

बाकी निगा म्हणजे आठवड्याची दहा मिनिटं. जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेन आणि दाते घासायचे, कोरडं पुसायचं, कडीकडीवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि वरचं तेल टिपून घ्यायचं. नाहीतर त्याला धूळ चिकटते.

मैत्रिणींनो, शिवणयंत्राला तेल घालायला आपण कधी नवऱ्याची वाट पाहतो का? मग सायकलीचंच का अडावं? चूक आमचीही होती. सायकल देताना फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. पण ती चालती कशी ठेवायची, हे सांगितलंच नाही. आता अर्ध्या तासाचा हा धडा दिल्याशिवाय आम्ही एकही सायकल देत नाही.

तुमच्या घरी मुलीची सायकल धूळ खात उभी असेल, तर आज तिची चेन मोजून बघा. आणि मोजायला मुलीलाच लावा!