अपरिचित स्थळे, परिचित सवयी

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातच, कुंडमळा येथे, इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांची दाटी झालेली असताना कोसळला आणि चार जणांस प्राणास मुकावे लागले. दोन्ही दिवस रविवारचे होते. यांपैकी पहिले स्थळ पुण्यामुंबईच्या माणसास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दुसऱ्याचे नाव काही वर्षांपूर्वीपर्यंत आसपासच्या गावांबाहेर फारसे कोणी ऐकलेही नव्हते. लोणावळ्यास फार गर्दी झाली, तेव्हा जरा बाजूला चला, असे म्हणत जी मंडळी निवांत जागेच्या शोधात निघाली, त्यांच्यामागून गर्दीही तेथे जाऊन पोचली. पूल धोकादायक ठरलेला होता, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. परंतु मंजुरीच्या कागदावरून नदी ओलांडता येत नाही.

मोठ्या शहरांतील आणि ठराविक थंड हवेच्या ठिकाणांतील गर्दीला कंटाळलेल्या सुशिक्षित नागरिकास हल्ली सर्व बाजूंनी एकच सल्ला मिळत आहे: अपरिचित स्थळांकडे वळा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या तो देतात, पर्यटन खाते देते आणि मोबाइलवरील चित्रफिती तर दर घटकेस देतात. हा सल्ला चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. महाराष्ट्र म्हणजे केवळ महाबळेश्वर आणि लोणावळा नव्हे. परंतु हा सल्ला अर्धाच आहे. अपरिचित स्थळ परिचित झाल्यानंतर त्याचे काय होते, आणि ते टिकविण्याची जबाबदारी कोणाची, हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. तो सांगावयास मात्र कोणी तयार नाही.

मुळात 'अपरिचित' हा शब्दच तपासून घेतला पाहिजे. अपरिचित कोणास? १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम याने महाबळेश्वरी गोऱ्या साहेबांसाठी आरोग्यस्थान वसविले, असे आपण शाळेत शिकलो; पण कृष्णेच्या उगमाचे ते क्षेत्र त्याआधी कित्येक शतके यात्रेकरूंच्या पायांखालचे होते. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने माथेरान 'शोधून काढले' असे म्हणतात. त्या डोंगरावर लाकूडफाटा आणि मध गोळा करणाऱ्या आदिवासींना ते हरवल्याचे कधी जाणवले नव्हते. आजही शहरातून निघणारा माणूस ज्याला नवे स्थळ म्हणतो, ते कोणाचे तरी गायरान असते, कोणाचे पाणवठे असतात, कोणाच्या ग्रामदेवतेची राई असते. पाहुणा येण्यापूर्वी घर रिकामे नव्हते, ही साधी गोष्ट विसरल्यामुळेच पुढचे सारे अनर्थ घडतात.

माथेरानने आणखी एक धडा दिलेला आहे. खाजगी मोटारींना तेथे दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. शनिवार-रविवारी तेथेही माणसांची रीघ लागते, हे खरे. तथापि त्या एका निर्बंधामुळे तेथील झाडी आणि तांबड्या वाटा जेवढ्या शिल्लक राहिल्या, तेवढ्या मोटार दारापर्यंत नेणाऱ्या अन्य गिरिस्थानांत राहिल्या नाहीत. नियम घातला की प्रवासी येणार नाहीत, ही भीती माथेरानने केव्हाच खोटी ठरविली आहे.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार एकेकाळी वनस्पतिशास्त्रज्ञांना आणि भोवतालच्या गुराख्यांनाच माहीत होते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. त्यांत कोयना, चांदोली आणि राधानगरी यांच्याबरोबर कासही होते. आणि लोंढा सुरू झाला. जांभ्या खडकावरील मातीचा थर तेथे इतका पातळ आहे की एका मोटारीच्या चाकाखाली किंवा एका छायाचित्रासाठी बसलेल्या कुटुंबाखाली सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा यांचा त्या मोसमाचा संसार आटोपतो. अखेर दिवसाकाठी तीन हजार माणसांची मर्यादा ठरली, आगाऊ नोंदणी आली, शुल्क आले, आणि वन खात्याबरोबर भोवतालच्या गावांच्या समितीकडे व्यवस्था आली. संरक्षणासाठी घातलेले जाळीचे कुंपण गुरांचे आणि रानजनावरांचे येणेजाणे अडवते, असे आढळल्यावर ते काढावेही लागले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. मर्यादा घालता येते आणि ती पाळली जाते, ही पहिली. ती लोंढा येऊन गेल्यानंतर घातली गेली, ही दुसरी. आग लागल्यावर विहीर खणण्याचा आपला जुना परिपाठ कासनेही मोडला नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात आणि एके काळी ती अंडी माणसेच पळवून नेत. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने घरटी राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी रक्षण, नंतर पाहुणे. राहण्याची सोय गावकऱ्यांच्या घरांतच. जेवण घरचे, अंथरूण घरचे. पिल्ले समुद्राकडे सोडण्याच्या वेळा ठरलेल्या. त्या कासवांच्या सोयीच्या, पाहुण्याच्या नव्हेत. कित्येकदा दोन दिवस थांबूनही एक पिल्लू दृष्टीस पडत नाही, आणि तरी माणसे पुन्हा जातात. पर्यटनाचा पैसा तेथे गावाच्या चुलीपर्यंत पोचतो, म्हणून कासवाचे अंडे राखणे हा गावाचा स्वार्थ बनला. ज्याला अंडे विकून चार रुपये मिळत, त्याला ते जपून अधिक मिळू लागले, एवढाच यातील चमत्कार आहे. आणि तो अन्यत्र घडविणे अशक्य नाही.

हे सर्व आज निकडीने सांगण्याचे कारण असे की अशी आणखी कितीतरी स्थळे आता प्रकाशात येण्याच्या उंबरठ्यावर आहेत. कोकणच्या सड्यांवर सापडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या कातळशिल्पांपैकी काही स्थळे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावे त्यामुळे दूरवर पोचली. ही चित्रे भिंतीवर नाहीत, उघड्या जमिनीवर आहेत. पाहणारा बेसावध असेल तर तो चित्रावरच उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये शिवछत्रपतींच्या काळाशी निगडित अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. रायगड आणि प्रतापगड यांना गर्दी नवी नाही. परंतु बागलाणातील साल्हेर, जेथे १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरविले, त्याच्या पायथ्याच्या वाड्यांनी तसा लोंढा कधी पाहिलेला नाही. तेथील पाणी किती माणसांना पुरेल? वाहने कोठे थांबतील? कडेलोट झाला, दरड आली, तर जखमी माणसास किती वेळात इस्पितळ गाठता येईल? मानपत्राच्या आनंदात या प्रश्नांची उत्तरे मागे राहता कामा नयेत. त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या खड्या पायऱ्यांवर सुटीच्या दिवशी चढणारे व उतरणारे एकमेकांत अडकून पडतात, हे दृश्य सर्वांनी पाहिलेले आहे.

सरकारचे धोरण या बाबतीत दोन टोकांमध्ये हेलकावे खात आहे. एकीकडे २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील दोनशेहून अधिक गावे घेऊन 'नवीन महाबळेश्वर' उभारण्याचा प्रकल्प रस्ते विकास महामंडळाकडे सोपविलेला आहे. म्हणजे जुन्या महाबळेश्वरचे जे झाले त्यावर उपाय म्हणून आणखी एक महाबळेश्वर! दुसरीकडे पावसाळा लागला आणि एखादा अपघात घडला की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम निघतात आणि धबधबे, धरणे, किल्ले एका फटक्यात बंद होतात. जाहिरात करताना मर्यादेचा विचार नाही आणि बंदी घालताना विवेकाचा नाही. या बंदीचा फटका बेफाम तरुणांना बसत नाही, ते दुसरी वाट शोधतात. तो बसतो वाटेवर भाकरी-पिठले देणाऱ्या बाईला, वाटाड्या म्हणून जाणाऱ्या ठाकर तरुणाला, आणि नियम पाळून जाणाऱ्या सभ्य माणसाला.

यावर कोणी म्हणेल, मग ही स्थळे गुप्तच का ठेवू नयेत? गिर्यारोहकांच्या जुन्या पिढीत हा विचार प्रबळ आहे आणि त्यामागील कळकळ आम्ही समजू शकतो. परंतु तो आम्हांस मान्य नाही. चार रसिकांनी निसर्ग आपसांत वाटून घ्यावा आणि चाळीत राहणाऱ्या कुटुंबाने रविवारी घरी बसावे, हा न्याय नव्हे. शिवाय ज्या गावांतील तरुण पोटासाठी मुंबईस गेले आणि म्हातारी माणसे तेवढी मागे राहिली, त्या गावांना चार पाहुणे येणे ही चैन नसून गरज आहे. गावाने यावे की न यावे हे ठरवावे. शहराने गावाच्या वतीने नव्हे.

येथेच आमच्या मते प्रश्नाची किल्ली आहे. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात निर्णयप्रक्रियेत ग्रामसभांना स्थान असावे, असा आग्रह धरला होता. त्या अहवालावर पुष्कळ वादळ उठले. पण हे एक सूत्र पर्यटनास लागू करण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. एखाद्या नव्या स्थळाची सरकारी जाहिरात करण्यापूर्वी चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. त्या स्थळी एका दिवसात किती माणसे सामावतील, हे जाणकारांनी पाहून ठरवावे. ती संख्या ग्रामसभेपुढे मांडून तिची संमती घ्यावी. प्रवेशशुल्क गावाच्या हाती राहावे आणि त्यातून राखणदार, कचऱ्याची व्यवस्था व प्रथमोपचार यांचा खर्च भागावा. आणि वाहने गावाबाहेर थांबवून पुढे एस.टी.ची वा गावच्या गाड्यांची फेरी ठेवावी. यांसाठी लाख कोटी लागत नाहीत. रस्ता आधी आणि नियम मागून, हा क्रम तेवढा उलटावा लागतो. तो उलटला नाही, तर पुढच्या एखाद्या रविवारी पुन्हा एखाद्या अनोळखी गावाचे नाव मृतांच्या यादीसह आम्हांस छापावे लागेल.

सरकारला चार गोष्टी सांगितल्यावर वाचकांना दोन सांगणे क्रमप्राप्त आहे. आपण गर्दीपासून दूर जातो, तेव्हा बहुधा गर्दीच्या सवयी बरोबर घेऊन जातो. दारापर्यंत मोटार हवी, पोचताच चहा आणि थंड पाण्याची बाटली हवी, गाणे मोठ्याने लावता आले पाहिजे, आणि दोन तासांत सारे पाहून परतता आले पाहिजे. हे सर्व ज्या ठिकाणी मिळते त्यालाच लोणावळा म्हणतात. त्यासाठी आडवळणाच्या गावास तसदी देण्याचे कारण नाही. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या रानात काजवे पाहावयास जाणाऱ्यांनी मोटारीचे दिवे लावून रान उजळावे, यासारखा विनोद नाही. तो उजेड काजव्यांच्या मीलनात विघ्न आणतो आणि पाहणाऱ्यासही काजवे दिसू देत नाही.

म्हणून अपरिचित स्थळी जरूर जावे. पण शक्य तर रविवार सोडून जावे, एक रात्र गावातील घरात मुक्काम करावा, गावचा माणूस वाटाड्या म्हणून घ्यावा, आणि तो 'आज पाणी चढले आहे, पुढे नको' म्हणाला तर मुकाट्याने मागे फिरावे. त्या माणसाला त्या ओढ्याची ओळख आपल्या हातातील यंत्रापेक्षा अधिक आहे. भुशी आणि कुंडमळा येथे गेलेले जीव परत येणार नाहीत. परंतु पुढच्या पावसाळ्यात कोणत्या ओढ्याकाठी थांबावयाचे, हे ठरविणे अजून सर्वस्वी आपल्या आणि सरकारच्या हाती आहे.